वाळवणाची जागा

लहान उद्योगांविषयी कळवळा व्यक्त करणे हा आपल्या सार्वजनिक जीवनातील एक बिनखर्चाचा उपचार होऊन बसला आहे. निवडणुकीचा जाहीरनामा असो, अर्थसंकल्पाचे भाषण असो की एखाद्या प्रदर्शनाचे उद्घाटन असो, घरगुती उद्योजकाच्या कष्टांचा गौरव झाल्यावाचून सभा आटोपत नाही. २०२० साली महामारीच्या संकटात 'व्होकल फॉर लोकल' ही घोषणा देशभर दुमदुमली आणि स्थानिक माल विकत घेणे हे देशकार्य ठरले. घोषणेत वावगे काहीच नव्हते. परंतु घोषणा विरल्यानंतर ज्याच्या नावाने ती दिली गेली त्या माणसाच्या पदरात काय पडले, हे पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. ती तसदी घ्यावयाची तर इंदूरजवळच्या राऊ या गावाकडे पाहावे, असे आम्ही सुचवू.

समुद्रकाठच्या वाचकास राऊचे नाव परके वाटेल. इंदूर मात्र परके नाही. होळकरांच्या या राजधानीत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांची कन्या लता हिचा जन्मही १९२९ साली इंदुरातच झाला. त्या इंदूरहून महूकडे जाताना आग्रा-मुंबई महामार्गावर राऊ लागते. सभोवती माळव्याची काळी, ओलावा धरून ठेवणारी जमीन. या जमिनीत बटाटा उत्तम येतो, आणि येथील बटाट्यात साखर कमी व कोरडा अंश अधिक असल्याने तळल्यावर तो काळवंडत नाही. त्यामुळे मोठमोठ्या कंपन्यांचे खरेदीदार माळव्यात येतात. आणि त्याच बटाट्यावर राऊ-महू पट्ट्यातील चिप्सचे लहान कारखानेही उभे आहेत.

'कारखाना' या शब्दाने वाचकांची दिशाभूल होऊ नये. धुराडे, भोंगा आणि फाटकावरचा पहारेकरी यांपैकी येथे काही आढळणार नाही. हिवाळा सरता सरता शेतातून बटाटा निघतो, तेव्हा कामास आरंभ होतो. बटाटा धुवावयाचा, सोलावयाचा, यंत्रावर त्याचे काप पाडावयाचे, कापांना सुटलेला पांढरा चीक पुन्हापुन्हा पाण्याने घालवावयाचा, उकळत्या पाण्यातून काप काढावयाचे आणि मग मोकळ्या जागेवर उन्हात पसरावयाचे. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात ते वाळून खडखडीत झाले की पोत्यांत भरून घाऊक व्यापाऱ्याकडे रवाना होतात. पुढे श्रावणातल्या उपवासांना, नवरात्राला घरोघरी कढईत फुलतात ते हेच काप. मराठी गृहिणीस यात नवल वाटू नये. उन्हाळ्यात गच्चीवर वा अंगणात ती जे वाळवण घालते त्याचेच हे वाढलेले रूप होय. घरचे कसब बाजारात गेले आणि त्याचा धंदा झाला, एवढाच काय तो फरक.

या धंद्याचे अर्थशास्त्र पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. येथे मालक आणि मजूर यांच्यातील रेषा पुसट असते. हंगामात बाहेरची माणसे रोजंदारीवर येतात हे खरे; परंतु पहाटे भट्टी पेटवणारा, दुपारी काप उलथणारा आणि रात्री हिशेब लिहिणारा एकाच घरातला असतो. घरच्या बायकांच्या श्रमांची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ते श्रम बाजारभावाने मोजले तर वर्षाकाठी शिल्लक दिसणारा नफा बहुतेक ठिकाणी तोट्यात जमा होईल. बटाट्याचा भाव चढला की माल महाग पडतो, आणि अवकाळी पावसाची एक सर आली की पसरलेला माल मातीमोल होतो. व्यापाऱ्याकडील उधारी दसरा-दिवाळीपर्यंत लांबते. इतके असूनही धंदा तगतो, कारण घरातल्या माणसांना कामावरून कमी करता येत नाही आणि त्यांनाही दुसरीकडे जाता येत नाही. या चिकाटीस आपण उद्योजकता म्हणून गौरवतो. तिच्यात नाइलाजाचा वाटा किती, हे मात्र विचारीत नाही.

अशा घरांची संख्या थोडीथोडकी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ मधील ७३ व्या फेरीत देशातील असंघटित, बिगरशेती लहान उद्योगांची संख्या सुमारे ६ कोटी ३४ लाख भरली आणि त्यांत गुंतलेल्या माणसांची सुमारे ११ कोटी १० लाख. भागाकार केला तर एका उद्योगाच्या वाट्याला दोन माणसेही येत नाहीत. म्हणजे ज्यास सरकारी भाषेत 'उद्योगक्षेत्राचा कणा' म्हटले जाते, तो प्रत्यक्षात नवरा-बायको, बाप-लेक किंवा दोघे भाऊ असा आहे. धोरण आखताना हे चित्र डोळ्यांपुढे राहिले असते तर पुष्कळ अनर्थ टळले असते.

संरक्षण आले आणि गेले

स्वतंत्र भारताने या माणसाचा विचार केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. १९६७ साली ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखून ठेवण्यात आले. पुढे ही यादी वाढत वाढत आठशेच्याही वर गेली. मोठ्या भांडवलाने या अंगणात पाऊल टाकू नये, असा त्यामागचा हेतू. उदारीकरणानंतर यादीस कात्री लागली आणि एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तूही वगळल्या गेल्या. त्या वीस वस्तूंत लोणची-चटण्या होत्या, मेणबत्त्या होत्या, आगकाड्या होत्या, काचेच्या बांगड्या होत्या आणि पावही होता. गोव्यातील पोदेराचा पाव आता कायद्याच्या दृष्टीने मोठ्या कारखान्याच्या पावाच्या पंक्तीस बसला. या घटनेची आपल्याकडे फारशी चर्चाही झाली नाही.

आरक्षणाची ती पद्धत निर्दोष होती असे आम्हांला म्हणावयाचे नाही. संरक्षण टिकवायचे तर लहानच राहिले पाहिजे, अशी तिची अट होती. वाढणाऱ्यास शिक्षा आणि खुरटणाऱ्यास अभय, असा तिचा परिणाम झाला. यंत्रे जुनी राहिली आणि मालाचा दर्जाही सर्वत्र सारखा राहिला नाही. ती गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. दुःख याचे की तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेत लहान माणूस शोधूनही सापडत नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत वार्षिक उलाढाल असलेला उद्योग 'सूक्ष्म' ठरतो. दोन कोटींची यंत्रसामग्री असलेला कारखानदार आणि भाड्याच्या यंत्रावर काप पाडणारे राऊचे कुटुंब या व्याख्येने सख्खे भाऊ झाले. सवलतीच्या दारात दोघे एकदमच पोहोचले तर आत कोण आधी शिरेल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

सवलती नाहीत असे नाही. २०१५ पासून मुद्रा योजनेची विनातारण कर्जे आहेत. २०२० साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, अनुदान आहे, आणि 'एक जिल्हा, एक उत्पादन' या सूत्रानुसार इंदूर जिल्ह्याच्या वाट्याला बटाटाच आला आहे. २००६ च्या कायद्याने लहान उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करणे बंधनकारक केले असून, विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट व्याज देण्याची तरतूद त्यात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नमकीन पदार्थांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कागदावर ही शिदोरी बरीच मोठी दिसते. पण ४५ दिवसांच्या कायद्याचा आधार घ्यावयाचा म्हणजे ज्याच्याकडे पुढच्या हंगामात माल द्यावयाचा आहे, त्याच व्यापाऱ्याविरुद्ध तक्रार करावयाची. नदीत राहून मगरीशी वैर कोण करील? अनुदान कर्जाशी जोडलेले, कर्ज कागदपत्रांशी जोडलेले, आणि कागदपत्रे जागेच्या मालकीशी. येथेच आपण मूळ दुखण्यापाशी येऊन पोहोचतो.

खरा प्रतिस्पर्धी

घरगुती उद्योग मोठ्या कंपन्यांमुळे मरतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. राऊच्या वाळवलेल्या कापांचे गिऱ्हाईक निराळे, कंपनीच्या फुगीर पाकिटातील वेफर्सचे निराळे. उपवासाच्या दिवशी घरच्या कढईत काप तळणारे कुटुंब दहा रुपयांच्या पाकिटावर भागवीत नाही. स्पर्धा आहे, पण ती प्राणघातक नाही. प्राणघातक आहे तो जमिनीचा भाव.

वाळवणास जागा लागते. छपराखालची नव्हे, उघडी, स्वच्छ, दिवसभर ऊन खाणारी. इंदूर शहर मात्र चहूंकडून पसरत आहे. राऊ आज त्याचे उपनगर झाले आहे. एका बाजूस पीथमपूरचे मोठे औद्योगिक क्षेत्र, दुसऱ्या बाजूस वसाहतींची रांग, मधून रुंद रस्ते. ज्या खळ्यावर काल काप वाळत होते तेथे आज भूखंडांचे खांब रोवले जातात. यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. एका हंगामाच्या चिप्समधून जे मिळते त्याच्या कैक पट रक्कम जमीन विकून एका दिवसात हाती येते. मग विकणाऱ्यास दोष कसा द्यावा? आणि ज्याची जमीन भाड्याची आहे त्याला तर कोणी विचारीतही नाही. मालक नवा करार करीत नाही, एवढ्यावर तीस वर्षांचा धंदा आटोपतो. बाजारात हरल्याची नोंदही त्याच्या नावे होत नाही.

इंदूरची २०२१ हे लक्ष्यवर्ष असलेली विकास योजना २००८ पासून लागू झाली. आपल्या गोव्याच्या प्रादेशिक आराखड्याच्या नावातही हेच २०२१ साल आहे. दोन्हीकडे ते साल उलटून गेले आणि दोन्हीकडे जमिनीच्या वापराचा वाद संपलेला नाही. अशा आराखड्यांत निवासी भाग असतो, व्यापारी भाग असतो, औद्योगिक भाग असतो; वाहनतळ असतात, उद्याने असतात. परंतु घराला लागून चालणारा, घरातल्या माणसांच्या वेळेनुसार हलणारा धंदा यांपैकी कोणत्या रंगात रंगवावयाचा, हे नगररचनाकारास उमगत नाही. निवासी भागात तो उपद्रव ठरतो, औद्योगिक वसाहतीतला भूखंड त्याला परवडत नाही, आणि परवडला तरी स्वयंपाक टाकून सहा मैलांवर जाऊन काप उलथणे घरच्या बाईस शक्य नसते. नकाशात ज्याला रंग नाही त्याला गावात जागा नाही, असा हा नवा न्याय आहे.

राऊची ही कहाणी आम्ही येथे सविस्तर सांगत आहोत ती माळव्याच्या प्रेमाखातर नव्हे. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांच्या वाटेने मराठीत आला, तसाच पाव आला आणि पोदेरही आला. चार शतके ज्या भट्ट्यांनी गोमंतकाची सकाळ उजाडवली त्यांची अवस्था आज राऊच्या खळ्यांहून वेगळी नाही. पहाटेच्या आधी उठून कणीक तिंबणे, लाकडाची भट्टी तापवणे, उंडे, पोळी, कांकणे टोपलीत भरून सायकलच्या भोंग्यासह वाड्यावाड्यांवरून फिरणे हे काम पोदेराच्या मुलांना नको झाले आहे. अनेक भट्ट्या भाडेपट्ट्याने दिल्या गेल्या असून परराज्यांतून आलेल्या कारागिरांनी त्यांची धग टिकवली आहे. त्याबद्दल त्या कारागिरांचे ऋणच मानावयास हवे. परंतु जळाऊ लाकूड महागले, पीठ महागले, शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीतील रहिवाशांना धूर सोसवेनासा झाला, आणि भट्टीखालच्या जमिनीची किंमत भट्टीतल्या पावापेक्षा कितीतरी अधिक झाली. पावाचे दर चार आण्यांनी वाढले की ओरड करणारे आपण, भट्टी बंद पडली की मात्र हळहळून मोकळे होतो.

दुसरी बाजू

लहान ते सारे सुंदर, असा भाबडा पक्ष आम्ही घेत नाही. राऊ-महू पट्ट्यातील चिप्सच्या कारखान्यांतून बाहेर पडणारे पिठूळ पाणी नाल्यांत सोडले जाते, ते कुजते, त्याची दुर्गंधी सुटते आणि खालच्या गावांना त्याचा त्रास होतो. ही तक्रार खरी आहे. घरचा धंदा म्हणून ओढा नासविण्याचा परवाना कोणास मिळत नाही. रोजंदारीवरील बायकांना मिळणारी मजुरी तुटपुंजी असते, अपघाताला विमा नसतो, शाळेच्या वयाची मुले मदतीच्या नावाखाली राबतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही. कौटुंबिक उद्योगाच्या आडोशाला शोषण लपते तेव्हा ते कारखान्यातील शोषणापेक्षा उघडकीस आणणे अधिक कठीण असते, कारण तेथे शोषण करणारा 'आपला' असतो.

परंतु या दोषांवरचा उपाय टाळे ठोकणे हा नव्हे. सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा एकेका कुटुंबास झेपणारी नाही. दहा-वीस जणांनी मिळून उभारली तर झेपेल, आणि आरंभीच्या भांडवलास शासनाने हात दिला तर चालेलही. कापांतून निघणारा तो पांढरा चीक म्हणजे स्टार्चच. तो साठवून निराळा काढता आला तर सांडपाण्याचा भार हलका होईल आणि विकावयास आणखी एक माल मिळेल. नोटीस बजावणे सोपे असते म्हणून नोटीस बजावली जाते. एकत्र बसवून मार्ग काढणे कष्टाचे असते म्हणून ते राहून जाते.

मुलांच्या प्रश्नाचेही तसेच. राऊच्या टेकडीवर १९९६ साली स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था उभी आहे. देशभरातील हुशार मुले तेथे उद्योग चालवण्याचे शास्त्र शिकतात आणि मोठ्या आस्थापनांत दाखल होतात. टेकडीच्या पायथ्याच्या परिसरातला चिप्सवाला मात्र आपल्या मुलाने या धंद्यात पडू नये, म्हणून त्याच्या शिकवणीचे पैसे भरतो. दोघांच्याही निवडीला आम्ही नावे ठेवणार नाही. मात्र ज्या देशात उद्योगाचे शास्त्र आणि उद्योगाचे कसब एकाच गावात राहूनही एकमेकांच्या उंबऱ्याशी क्वचितच जातात, त्या देशाने आपल्या शिक्षणाविषयी थोडे अंतर्मुख व्हावयास हवे. मालाची किंमत कशी ठरवावी, उधारी कशी आटोक्यात ठेवावी, दहा कुटुंबांनी एक नाव कसे वापरावे, हे प्रश्न त्या वर्गांत शोभणार नाहीत इतके क्षुल्लक खचित नाहीत.

करावयाचे काय?

दयेची भीक या माणसाला नको आहे आणि आम्हीही ती मागत नाही. आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, शहरांच्या व तालुक्यांच्या विकास आराखड्यांत घराशी निगडित उद्योगांसाठी जागा राखून ठेवावी. राऊला वाळवणाची सामाईक खळी, गोव्याला भट्ट्यांचे संरक्षित स्थान. खेळाचे मैदान राखता येते, वाहनतळ राखता येतो, तर ज्यावर शेकडो चुली पेटतात ती जागा का राखता येऊ नये? जमीन सरकारने विकत घ्यावी असे नाही. तिचा वापर बदलण्यापूर्वी त्या धंद्याची पर्यायी सोय लावण्याचे बंधन असावे, एवढेच.

दुसरी मागणी नावाची. फ्रान्समध्ये १९९८ च्या कायद्याने 'बुलांजरी' हे नाव ज्या ठिकाणी पीठ मळले जाते आणि पाव भाजला जातो त्याच दुकानास लावता येते. बाहेरून गोठवलेला गोळा आणून केवळ गरम करणाऱ्यास ते नाव वापरता येत नाही. मोठ्या कारखान्यांवर बंदी नाही, पण गिऱ्हाईकाची फसवणूकही नाही. आपल्याकडे फेणीस २००९ साली आणि बेबिंकास २०२३ साली भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले. माळव्यात रतलामच्या शेवेस ते लाभले आहे. या मार्गाचा लाभ रोजच्या खाण्याच्या वस्तूंपर्यंत आणि त्या करणाऱ्या हातांपर्यंत पोहोचला पाहिजे. भट्टीत भाजलेला पाव आणि यंत्रातून निघालेला पाव यांतील फरक गिऱ्हाईकास दुकानातच कळावा. मग त्याने काय घ्यावे हा त्याचा प्रश्न.

तिसरी मागणी उद्योजकांकडेच आहे. एकट्याने लढण्याचा हट्ट त्यांनी सोडावा. १९५९ साली मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जतचा डोलारा उभा राहिला. त्या यशाचे मर्म साधे आहे. पापड घरोघरी लाटले जातात, पण कणीक एकत्र मळली जाते आणि माल एका नावाने विकला जातो. घर घरच राहिले आणि बाजारात मात्र सारी घरे एक झाली. राऊच्या चिप्सवाल्यांना आणि गोव्याच्या पोदेरांना यापेक्षा निराळा मंत्र शोधण्याची गरज नाही. एका व्यापाऱ्यापुढे एकटे कुटुंब हात जोडते. पन्नास कुटुंबे एकत्र गेली तर ४५ दिवसांच्या कायद्याची आठवण त्या व्यापाऱ्यास न सांगताच होईल.

राहता राहिलो आपण, विकत घेणारे. घरपोच दहा मिनिटांत माल मिळण्याच्या या दिवसांत कोणी केवळ तत्त्वापोटी लांबच्या पसऱ्यावर जाईल, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. परंतु मोठ्या दुकानात छापील किंमत मुकाट्याने देणारा आणि दारच्या पोदेराशी रुपयासाठी हुज्जत घालणारा गिऱ्हाईक एकच असतो, हे आपण मनाशी कबूल करावयास हरकत नाही. ती हुज्जत थांबली आणि महिन्याचे बिल महिन्याच्या महिन्यास चुकते झाले, तरी पुष्कळ होईल.

माळव्यात काय किंवा गोमंतकात काय, लहान उद्योगाचे भवितव्य अनिश्चित आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते नशिबावर अवलंबून असल्याचा भास होतो. वस्तुस्थिती तशी नाही. ते ज्या नकाशांवर अवलंबून आहे ते नकाशे कचेरीत काढले जातात, त्यांवर हरकती मागवल्या जातात आणि मंत्र्यांच्या सह्या होतात. पुढचा नकाशा काढला जाईल तेव्हा त्यात वाळवणाची जागा आहे की नाही, हे विचारणारे कोणीतरी त्या कचेरीत हजर असले पाहिजे. कौतुकाची भाषणे पुष्कळ झाली. आता त्या नकाशावर एक रंग वाढू द्या.